मोटरहोमने ठाणे ते गणपतीपुळे: रात्रीचा मुक्काम फेरीबोटीच्या अलीकडे करावा की पलीकडे?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

नमस्कार. माघ महिन्यात सागरी मार्गाने ठाण्याहून गणपतीपुळ्यापर्यंत जाण्याचा विचार आहे. गाडी मेहुण्याची असून टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधून घेतलेले ते छोटे घरच आहे. तिची लांबी सात मीटर, आरशांसह रुंदी २.३ मीटर आणि उंची २.९ मीटर आहे. सोबत पत्नी, मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई असेल. आईचे इन्शुलिन फ्रिजमध्ये ठेवावे लागते, त्यामुळे विजेचा हिशेब चुकवून चालणार नाही.

वाटेत चार ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवायची आहे: राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, बाणकोटच्या खाडीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे आणि शेवटी तवसाळ ते जयगड. रोज दिवसभर हिंडावे, संध्याकाळी पाच-सहाच्या बोटीने खाडी ओलांडावी आणि पलीकडच्या गावात मुक्काम करावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीची घाई राहणार नाही, असा माझा आराखडा आहे. समुद्रकिनारी चांदणे मिळावे म्हणून पौर्णिमेला निघण्याचे ठरत आहे. मोठी गाडी घेऊन हा मार्ग केलेल्यांनी यातले दोष दाखवावेत, ही विनंती.

ऐरोलीकर

आपला आराखडा वाचून मला माझा गेल्या वर्षीचा संध्याकाळचा प्रसंग आठवला. कोणत्या धक्क्यावर घडला ते लिहीत नाही, कारण चूक सर्वस्वी माझी होती. आम्ही शेवटच्या बोटीच्या वेळेला पोहोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती आणि बोट उताराच्या अगदी तळाशी लागली होती. पुढची चाके बोटीच्या फळीवर (गाड्या चढवण्यासाठी बोट जी धक्क्यावर टेकवते तिच्यावर) चढली, मागची चढू लागली आणि गाडीचे शेपूट मागच्या उतारावर टेकले. आमच्या गाडीत सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह नेमका मागच्या चाकांच्याही मागे, जमिनीपासून तीस सेंटीमीटरवर होता. तो तुटला आणि दिवसभराचे भांडी धुतलेले साबणाचे पाणी धक्क्यावर पसरले. त्यावरून मागच्या दुचाकीवाल्याचा पाय घसरला. तो पडला नाही, परंतु जे बोलला ते येथे लिहिता येणार नाही. अखेर खलाशांनी चाकांखाली लाकडी फळ्या सरकवल्या आणि गाडी इंचाइंचाने वर घेतली.

तेव्हापासून गाडीत चार फूट लांबीच्या दोन जाड फळ्या आणि चाकांना अडकण म्हणून लावायची दोन लाकडी ओटी कायमची असतात. खाडी ओलांडण्यापूर्वी सांडपाण्याची टाकी योग्य जागी रिकामी करतो आणि पिण्याच्या पाण्याची टाकीही जेमतेम पाव ठेवतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन असते, आणि ते मागच्या बाजूला असेल तर गाडीचे शेपूट तेवढेच खाली बसते. पाणी पलीकडे गेल्यावर भरावे.

तीनहातनाका

ऐरोलीकर, आपल्या अनुभवाबद्दल शंका नाही, पण कारणाबद्दल आहे. धक्क्याचा उतार वरपासून खालपर्यंत सारखा असेल, तर बोट भरतीला वर लागते आणि ओहोटीला खाली लागते, एवढाच फरक पडायला हवा. उतार आणि बोटीची फळी यांच्यातला कोन दोन्ही वेळा तोच राहील. मग दोष ओहोटीला का द्यावा? मागच्या चाकापासून व्हॉल्व्ह दोन मीटर मागे आणि तीस सेंटीमीटर उंचीवर असेल, तर जेमतेम साडेआठ अंशांचा कोन सुटतो. एवढ्याशा कोनाने ती गाडी भरतीलाही टेकली असती.

ऐरोलीकर

कागदावर आपले म्हणणे बिनचूक आहे. प्रत्यक्षात धक्क्याचा वरचा भाग सुका आणि बऱ्यापैकी सपाट असतो. खालचा भाग मात्र रोज बारा तास पाण्याखाली राहिल्यामुळे झिजलेला, शेवाळलेला आणि काही ठिकाणी कडा तुटलेला असतो. शिवाय तळाशी गाळ साचला असेल तर बोट पुरेशी आत येऊ शकत नाही, फळीचे टोक खड्ड्यात टेकते आणि कोन वाढतो. त्यातच टायर ओल्या शेवाळावर फिरू लागला की चालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, गाडी हिसका घेते आणि शेपूट आणखी दबते. आपल्या शब्दांत सांगायचे तर कोन तोच असला तरी जमीन ती नसते.

माहेर_गुहागर

मी नेरुळला राहते, पण माहेर गुहागरचे असल्यामुळे दाभोळच्या या बोटींतून लहानपणापासून ये-जा आहे. आमच्याकडे बरेच जण अजूनही या गाड्या नेणाऱ्या बोटीला जंगलजेटी म्हणतात. धक्क्यावर चौकशी करताना तो शब्द कानावर आला तर गोंधळू नये.

घोडबंदरकर, आपला दोष मुक्कामाच्या गावात नसून तिथीत आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात एक हिशेब तोंडपाठ असतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती असते, तर दुपारी बाराला ओहोटी असते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून ओहोटी पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास येते. म्हणजे आपण ठरवलेली संध्याकाळची बोट बरोबर तळाला लागलेली सापडेल. त्यातही पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यामुळे पाणी चढतेही सर्वांत जास्त आणि उतरतेही सर्वांत जास्त. अष्टमी-नवमीला भांग असते, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक वर्षातल्या कोणत्याही महिन्यात कमीच राहतो. मोठ्या गाडीसाठी भांगेचे दिवस उत्तम, कारण सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन्ही बोटी भरपूर पाण्यात मिळतात.

हा हिशेब ढोबळ आहे. मुंबईच्या दक्षिणेला भरती थोडी आधी येते आणि मुंबईइतके पाणी चढत-उतरतही नाही. म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आदल्या दिवशी धक्क्यावर दूरध्वनी करून गाडीची लांबी सांगावी. "सात मीटर, मागे शेपूट लांब आहे" एवढे सांगितले तरी तिथली माणसे नेमकी वेळ सांगतात.

माझे मत स्पष्ट आहे: मुक्काम अलीकडच्या तीरावर, धक्क्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरात करावा आणि सकाळच्या पाण्यात खाडी ओलांडावी. संध्याकाळी बोट चुकली तर अंधारात सात मीटरची गाडी वळवून जागा शोधावी लागते. सकाळी चुकली तर चहा घेऊन दुसरी पकडता येते.

खारघरवासी

मी वरच्या मताशी पूर्ण सहमत नाही. शनिवारी-रविवारी सकाळी दिघीच्या आणि बागमांडल्याच्या बोटीला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, आणि मोठ्या गाडीला एकदा बाजूला काढले की तिचा नंबर लवकर येत नाही, कारण तिच्या जागेत दोन मोटारी बसतात. आठवड्याच्या मधल्या वारी अलीकडे मुक्काम ठीक आहे, पण शुक्रवारी मात्र संध्याकाळीच पार झालेले बरे.

दुसरे असे की प्रत्येक खाडीला एकच नियम लावता येत नाही. आगरदांड्याच्या अलीकडे मुरूड आहे, बागमांडल्याच्या अलीकडे हरिहरेश्वर आहे, तेथे मुक्काम सुखाचा होतो. दाभोळला मात्र धक्क्याकडे उतरणारा गावातला रस्ता अरुंद आहे आणि मोठी गाडी रात्रभर उभी करण्याजोगी जागा मला तेथे दिसली नाही. तेथे हर्णै-आंजर्ले भागात झोपावे, सकाळी निघून दाभोळला न रेंगाळता खाडी ओलांडावी आणि सरळ गुहागरला मुक्काम करावा.

बोट बंद असेल तर काय, हेही आधीच लिहून ठेवावे. वारा वाढला किंवा बोटीत बिघाड झाला तर वाद घालण्याला अर्थ नसतो. राजपुरीच्या खाडीला म्हसळ्याकडून वळसा आहे, दाभोळच्या खाडीला चिपळूणवरून आहे, आणि जयगडच्या खाडीला राई-भातगावच्या पुलावरून जाता येते. यांतला शेवटचा वळसा सर्वांत सुसह्य आहे. बाणकोटला वरच्या अंगाला आंबेत-म्हाप्रळचा पूल आहे, परंतु तो मोठ्या गाड्यांसाठी मध्यंतरी बंद ठेवला गेला होता, म्हणून तिकडे वळण्यापूर्वी विचारून घ्यावे.

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. तिथीचा हिशेब घरात वाचून दाखवला तेव्हा आईने "एवढे तुला ठाऊक नव्हते का" असे विचारले. तिचे बालपण श्रीवर्धनला गेले. चाळीस वर्षे ठाण्यात राहून मी तलावपाळीचे पाणी तेवढे पाहिले, त्याला भरती येत नाही.

पौर्णिमा सोडायला पत्नी तयार नाही. त्यामुळे तोडगा असा काढला आहे की निघायचे रथसप्तमीला आणि पौर्णिमेला गणपतीपुळ्यात असायचे, म्हणजे चांदण्याच्या दिवशी एकही खाडी ओलांडायची उरत नाही. सप्तमीला पनवेल, पेण, अलिबागमार्गे मुरूडला मुक्काम. अष्टमीला सकाळी आठपर्यंत आगरदांडा, नंतर दिवेआगरला दोन रात्री. दशमीला श्रीवर्धनला आईचे जुने घर पाहून हरिहरेश्वर. एकादशीला सव्वाआठच्या भरतीला बागमांडला, आणि मुक्काम वेळास किंवा आंजर्ले. द्वादशीला नऊची भरती धरून दाभोळ आणि गुहागर. त्रयोदशीला वेळणेश्वर. चतुर्दशीला हेदवी पाहून साडेदहा-अकराच्या पाण्यात तवसाळ-जयगड, आणि मग मालगुंडवरून गणपतीपुळे. तेथे दोन रात्री राहून परतीला निवळीवरून महामार्ग धरायचा.

आता दोन शंका. घरगुती निवासाच्या अंगणात गाडी उभी करू देतात का? आणि वीज किती पुरेल? गाडीत १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे.

तीनहातनाका

विजेचे सांगतो. आपली बॅटरी म्हणजे २.४ युनिट. एक टनाचा एसी चालू असताना साधारण एक किलोवॅट खातो, म्हणजे दोन तासांत बॅटरी आटोपेल. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज चालू असताना पंचेचाळीस वॅट धरला आणि तो निम्मा वेळ चालतो असे मानले, तर दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास लागेल. त्यात दोन पंखे आणि दिवे मिळवले तरी एसी न लावता दोन रात्री सहज निघतील. माघात कोकणात रात्री एसी लागत नाही. एका आड एक मुक्कामाला सोळा अँपिअरचा प्लग मिळेल असे पाहावे, आणि इन्शुलिनसाठी बर्फाची छोटी पेटी वेगळी ठेवावी.

आणखी एक. निघण्यापूर्वी सराव करायचा असेल तर लांब जाण्याची गरज नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली आहे. घोडबंदरहून भाईंदर किती अंतर आहे, हे आपल्याला सांगायला नको. एखाद्या आडवारी गाडी चढवून-उतरवून पाहावी, शेपूट कुठे टेकते ते मुलाने बाजूला उभे राहून पाहावे.

खारघरवासी

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोचाही विचार कोणी सुचवेल, म्हणून लिहितो. २०२० पासून चालणारी ती मोठी बोट आहे आणि तासाभरात मांडव्याला पोहोचवते. परंतु ठाण्याहून मोठी गाडी घेऊन आधी मुंबईत शिरायचे आणि मग समुद्र ओलांडायचा, यात वेळही वाचत नाही आणि डोकेही शांत राहत नाही. दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी.

माहेर_गुहागर

अंगणात जागा देतात, पण विचारण्याची रीत आहे. "कॅराव्हॅन पार्किंग आहे का" असे विचारले तर नकार येतो, कारण समोरच्याला नेमके काय हवे ते कळत नाही. न्याहारी-निवासवाल्यांना दूरध्वनीवर सांगावे की आम्ही झोपायला गाडीतच आहोत, आम्हाला खळ्यात जागा, एक प्लग, पाणी आणि दोन वेळचे जेवण हवे, त्याचे काय ते पैसे सांगा. जेवण त्यांच्याकडे घेतले की बाकीचे प्रश्न सुटतात. शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असल्यामुळे पर्यटन महामंडळाच्या निवासांतही विचारून पाहावे. आपल्या वाटेवर हरिहरेश्वर, वेळणेश्वर आणि गणपतीपुळे येथे ती आहेत.

प्रवेशद्वाराची रुंदी मात्र विचाराच. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या गडग्यांमधली (कुंपणाच्या भिंतींमधली) वाट बैलगाडीच्या मापाची असते. आपली २.३ मीटरची गाडी आत गेली तरी वळणार नाही, आणि उलटी काढताना आरसा तरी जाईल नाहीतर गडगा तरी ढासळेल. वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या पाहण्यासाठी मुलाला पुढे चालवावे. शंका असेल तर मुख्य रस्त्यालगतचे घर पत्करावे, समुद्राचा आवाज दोनशे पावले चालून ऐकता येतो. वाळूत गाडी मुळीच घालू नये. रुपणीत, म्हणजे रुतवणाऱ्या ओल्या वाळूत, चाक बसले की भरती थांबत नाही, आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत गावातली सगळी मुले जमतात.

शौचालयाची पेटी घरमालकाच्या परवानगीनेच त्यांच्या शौचालयात रिकामी करावी. तिच्यात फॉर्मल्डिहाइडचे रसायन वापरत असाल तर ते बंद करावे, त्यामुळे शोषटाकीतले जिवाणू मरतात आणि आपण गेल्यावर त्या घराला त्रास होतो.

वेळासला थांबणार असाल तर एक कळकळीची विनंती. तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास पिल्ले समुद्रात सोडायला सुरुवात होते. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. गाडीच्या छतावरची ती पांढरी दिव्यांची पट्टी किनाऱ्याच्या बाजूला लावू नये.

ऐरोलीकर

दोन गोष्टी राहिल्या. बोटीवर चढण्यापूर्वी गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, नुसती शेगडी नव्हे. आणि आईंना गाडीतून आधी उतरवून पायी बोटीवर न्यावे. गाडी चढताना आत फक्त चालक असावा. ज्या बोटीला फळी एकाच टोकाला असते तेथे गाडी उलटी चढवावी किंवा उतरवावी लागते, तेव्हा खलाशाच्या हाताकडे पाहावे, आरशाकडे नव्हे. घरातली चार माणसे चार बाजूंनी "ये, ये, थांब" करू लागली की गाडी धक्क्याच्या कडेला जाते.

घोडबंदरकर

धागा वर काढत आहे. काल परत आलो.

सराव भाईंदरला केला आणि तेथेच कळले की आपल्या गाडीत सर्वांत आधी मागची पायरी टेकते. ती काढून आत ठेवली. आगरदांड्याला अष्टमीच्या सकाळी पाणी इतके चांगले होते की गाडी सपाट रस्त्यावरून जावी तशी बोटीवर गेली. बागमांडल्यालाही तसेच झाले. दाभोळला खारघरवासींचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. समोरून एस.टी. आली तेव्हा एका दुकानदाराने आपली फळी आणि दोन खोकी उचलून आम्हाला जागा करून दिली.

आराखडा मोडला तो चौथ्या खाडीवर. चतुर्दशीला साडेदहाला तवसाळला पोहोचायचे होते, परंतु हेदवीला दशभुजा गणपतीचे दर्शन झाल्यावर आईला तिथल्या किनाऱ्यावरच्या कातळातली बामणघळही पाहायची होती, आणि तिला कातळावरून हात धरून नेण्या-आणण्यात दुपार झाली. साडेतीनला तवसाळच्या धक्क्यावर उभे राहिलो तेव्हा पाणी पार खाली गेले होते आणि उताराचा शेवटचा तुकडा हिरवा दिसत होता. बोटीवरच्या खलाशाने खाली वाकून गाडीचे शेपूट पाहिले, धक्का पाहिला आणि "उद्या सकाळी या" एवढेच म्हणाला. ऐरोलीकरांनी सांगितल्या तशा फळ्या गाडीत होत्या, तरीही मी हट्ट केला नाही. राई-भातगावचा वळसा होता, पण तो अंधारात अनोळखी रस्त्याने करण्याची इच्छा नव्हती. धक्क्यापासून थोडे मागे एका घरी विचारले. त्यांनी खळ्यात जागा दिली, तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले वाढले, आणि गाडी आतून पाहायला शेजारची पाच माणसे आणली.

ज्या चांदण्यासाठी एवढा खल झाला ते गणपतीपुळ्याला दिव्यांच्या झगमगाटात फारसे जाणवलेच नाही. ते चतुर्दशीच्या रात्री तवसाळच्या खाडीवर मिळाले. रात्री साडेदहाला पाणी पुन्हा धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत आले होते आणि आई झोपेतून उठून "आता लागेल की रे बोट" म्हणत होती. बोट अर्थातच बंद होती. पौर्णिमेला सकाळी अकराला आम्ही पार झालो.

गाडीतल्या दोन फळ्या आणि दोन ओटी न वापरता परत आली आहेत. या मार्गाने मोठी गाडी नेणाऱ्या कोणाला हवी असल्यास येथे लिहावे आणि घोडबंदर रस्त्यावरून घेऊन जावीत. परत मात्र आणून द्यावीत, मेहुण्याच्या गाडीची आहेत.